‘अब्बा को लेके आ’ : शाळेच्या गेटबाहेर उभ्या मुलांचा प्रश्न

सकाळची प्रार्थना संपते, वर्ग सुरू होतात आणि गेटबाहेर दोन-तीन मुले दप्तर पाठीला लावून उभी असतात. शिपाई त्यांना आत सोडत नाही. कोणाचे केस वाढलेले, कोणाकडे काल मोबाईल सापडला, कोणी मधल्या सुट्टीत मारामारी केली, कोणी जुम्याच्या नमाजहून परत यायला उशीर केला. सगळ्यांना निरोप एकच : "अब्बा को लेके आ, फिर क्लास में बैठ." अब्बा पहाटेच टेम्पो घेऊन गेलेले असतात किंवा सेंट्रिंगच्या कामावर. एक दिवसाची मजुरी बुडवून ते येतील तेव्हा येतील. तोवर मूल ना घरी, ना शाळेत.

याला आपल्याकडे कोणी ‘निलंबन’ म्हणत नाही. तेवढा मोठा शब्द फार तर कॉलेजात किंवा सरकारी नोकरीत वापरतात. शाळेत साधे बोलतात : "आठ दिवस घरी बस", "पालक येईपर्यंत वर्गात दिसू नकोस". कागद दिला जात नाही, मुदत ठरत नाही. हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे फक्त गैरहजेरी लागते. म्हणजे शाळेने बाहेर ठेवले, पण रेकॉर्डवर मूलच आले नाही असे दिसते. या न दिसणाऱ्या शिक्षेबद्दल समाजात मोकळेपणाने बोलायला हवे, कारण तिची सर्वात जास्त किंमत आपल्याच घरांतली मुले मोजत आहेत.

एका सहीची गोष्ट

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही नववीचे वर्गशिक्षक होतो. पाण्याच्या नळावर दोन मुलांची जुंपली, एकाच्या भुवईवर टाके पडले. दुसऱ्याला पंधरा दिवस घरी बसवायचे ठरले. तेव्हा पत्र निघाले होते आणि त्यावर मुख्याध्यापकांबरोबर आमचीही सही होती. मुलाची आई आली. साड्यांना फॉल-पिको करून घर चालवणारी बाई. ती एवढंच म्हणाली, "सर, मैं दिनभर मशीन पे बैठती, ये पंधरा दिन घर में क्या करेगा?" आमच्याकडे उत्तर नव्हते. "शिस्तीचा प्रश्न आहे" असे काहीतरी आम्ही बोललो.

घरी बसून काय करणार म्हणून मामाने त्याला गॅरेजवर नेले. सोळाव्या दिवशी तो आला नाही. विसाव्या दिवशी आम्ही फोन केला तेव्हा तो म्हणाला, "येतो सर." पुढच्या महिन्यात हातात दिवसाचे दोनशे रुपये येऊ लागले होते. दहावीला बसवू म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरायचे ठरले, तेही राहून गेले. ज्या मुलाला टाके पडले, त्याचे तरी भले झाले का? तेही नाही. भांडण गेटबाहेर गल्लीत सुरूच राहिले. दोघांना समोर बसवून "नेमके काय झाले?" हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

पंधरा दिवसांची शिक्षा होती, पण ती आयुष्यभराची झाली. ज्या मुलाच्या घरात शिकलेले कोणी नाही, ज्याच्या घरातून कमाईची गरज हाका मारते आहे, त्याच्यासाठी शाळेचे दार पंधरा दिवस बंद ठेवणे म्हणजे काय, हे आम्ही तेव्हा ओळखले नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नमूद आहे की ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती. अशा समाजात शाळेतून ‘तात्पुरते’ बाहेर पडणे सहसा तात्पुरते राहत नाही.

कायदा काय सांगतो आणि कुठे गप्प बसतो

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९ म्हणजेच आरटीई. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी कायम राहिली. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, आणि तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते.

वाचायला हे भक्कम वाटते, पण त्यात तीन फटी आहेत आणि पालकांना त्या माहीत असायला हव्यात.

पहिली फट : कायदा ‘काढून टाकण्याबद्दल’ बोलतो, चार दिवस किंवा पंधरा दिवस घरी बसवण्याबद्दल थेट काही म्हणत नाही. त्यामुळे नाव पटावर ठेवून मुलाला बाहेर ठेवायचे, हा मार्ग उरतो. काही ठिकाणी तर पालकालाच सुचवले जाते, "दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा." पालकाने अर्ज लिहून दिला की शाळेने काढले असे होत नाही, पालकाने नेले असे होते.

दुसरी फट वयाची. कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. खोड्या, मारामाऱ्या, मोबाईल, उलट उत्तरे यांचे खरे वय नववी-दहावीचे. नेमक्या त्याच वयात आरटीईचे छत्र डोक्यावरून निघून जाते. शिवाय राज्य मंडळाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. आधीच आजारपण, लग्नकार्य, गावाला जाणे यात दिवस गेलेले असतात. त्यात शिक्षेचे दिवस गैरहजर म्हणून धरले गेले तर मूल काठावरून खाली पडते.

तिसरी फट आपल्या घरचीच आहे, म्हणून तिच्याबद्दल कमी बोलले जाते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमती ट्रस्ट प्रकरणात निकाल दिला की आरटीई कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टीईटीच्या प्रकरणात न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने या निकालाबद्दलच शंका उपस्थित करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवावा असे म्हटले. अल्पसंख्याक दर्जा हा आपला घटनात्मक हक्क आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण त्याचा एक परिणाम असा की आपल्या ट्रस्टच्या शाळेत शिकणाऱ्या आपल्याच मुलाला कलम १६ चा आधार आपोआप मिळत नाही. तिथे मुलाचे संरक्षण संस्थाचालकांच्या नियमांवर आणि दिलावर अवलंबून असते. नियम लिहिलेलेच नसतील तर फक्त दिलावर.

बाहेर ठेवण्याची कारणे : गुन्हा कोणता, ओळख कोणती

शिस्तीच्या नावाखाली मुलांना बाहेर ठेवण्याचे प्रश्न न्यायालयांपर्यंत गेले आहेत. १९८५ मध्ये केरळमधील यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात ही कारवाई रद्द केली. मुलांनी कोणाचा अपमान केला नव्हता, शाळेची शांतता बिघडवली नव्हती. वेगळे असणे हा शिस्तभंग नव्हे, हा त्या निकालाचा गाभा आहे. एका छोट्या ख्रिस्ती पंथाच्या मुलांनी लढलेला हा खटला आज आपल्यालाही उपयोगी पडतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढचा इतिहास ताजा आहे. २०२२ च्या सुरुवातीला उडुपीच्या मुली हिजाबमुळे वर्गाबाहेर बसल्या. १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाबबंदी वैध ठरवली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले. न्या. सुधांशु धुलिया यांनी मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न सर्वात आधी ठेवला. आपल्या मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या ड्रेसकोडविरुद्ध विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी याचिका फेटाळली गेली, पण ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅज यांवरील बंदीला अंशतः स्थगिती दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर प्रदेशातील अमरोहा येथे डब्यात मांसाहार आणल्याच्या आरोपावरून एका लहान मुलाला शाळेबाहेर काढल्याचा वाद देशभर गाजला. शेवटी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या कुटुंबातील मुलांना दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळवून देण्याचे निर्देश जिल्हा प्रशासनाला दिले.

या सगळ्या प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे. न्यायालयाचा निकाल यायला महिने लागतात, मुलाचे वर्ष मात्र थांबत नाही. निकाल बाजूने लागला तरी बुडालेले तास परत मिळत नाहीत.

मात्र प्रत्येक शिक्षेत पूर्वग्रह शोधणेही बरोबर नाही. एखाद्या मुलाने खरोखर कोणाला इजा केली असेल आणि आपण "आमचा मुलगा मुसलमान म्हणून" असे म्हणू लागलो, तर खऱ्या भेदभावाच्या तक्रारीचे वजनही आपणच कमी करतो. आणि उर्दू शाळेच्या गेटबाहेर उभ्या मुलांचे काय? तिथे मुख्याध्यापक आपले, शिपाई आपला, ट्रस्टी आपले. तिथे कोणाला दोष द्यायचा?

बाहेरच्या देशांनी काय शिकले

अमेरिकेत शाळांनी मुलांना घरी पाठवण्याचा सपाटा लावला आणि त्याची आकडेवारीही ठेवली. त्यातून दिसले की कृष्णवर्णीय मुलांना शाळेबाहेर ठेवण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे तिप्पट आहे. टेक्सास राज्यात सुमारे दहा लाख मुलांचा मागोवा घेणारा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या चुकांसाठी कायद्याने सक्ती नव्हती, तरी शाळेने स्वतःच्या मर्जीने बाहेर ठेवले, अशी मुले पुढच्याच वर्षी बालगुन्हेगारी यंत्रणेच्या संपर्कात येण्याची शक्यता जवळपास तिप्पट आढळली. शाळेबाहेर ठेवल्यामुळेच हे घडले असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण सुधारण्यासाठी म्हणून दिलेली शिक्षा सुधारते, असाही पुरावा त्यात दिसत नाही.

त्याच देशात १९७५ साली गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनातही मुलाला आरोप काय आहे ते सांगितले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकाला हा अधिकार आहे, पण वर्षभरात जास्तीत जास्त ४५ शालेय दिवस. पालकांना कारण आणि मुदत लगेच कळवावी लागते. पहिल्या पाच दिवसांत शाळेने घरी अभ्यास द्यायचा आणि तपासायचा. शिक्षा त्याहून लांबली तर सहाव्या दिवसापासून शिकण्याची पर्यायी सोय करावी लागते. म्हणजे मूल वर्गाबाहेर असले तरी शिक्षणाबाहेर असता कामा नये, हा तिथला नियम. आपल्याकडे नेमके उलटे आहे. पटावर नाव आहे, पण शिक्षण बंद.

पन्नास दिवस आणि मस्जिदीचे उघडे दार

आपल्यापुढे तर याहून जुने आणि मोठे उदाहरण आहे. तबूकच्या मोहिमेत सबळ कारण नसताना मागे राहिलेल्या कअब बिन मालिक (रजि.) आणि त्यांच्या दोन साथीदारांशी बोलणे पन्नास दिवस बंद ठेवण्यात आले. ‘तात्पुरते बाहेर ठेवणे’ यालाच म्हणतात. पण ते कसे केले गेले ते पाहा.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आधी त्यांना समोर बसवून विचारले. कअब (रजि.) यांनी खरे सांगितले आणि ते ऐकून घेतले गेले. लोकांनी त्यांच्याशी बोलणे थांबवले, पण मस्जिदीचे दार बंद केले नाही. ते जमातीत नमाजला येत राहिले. आणि तौबा कबूल झाल्याची खबर आली तेव्हा मुबारकबाद द्यायला लोक धावले. हजरत तल्हा (रजि.) भर मजलिसीतून उठून गेले आणि त्यांचा हात हातात घेतला. प्रेषितांचा (सल्ल.) चेहरा आनंदाने उजळला होता.

हे सगळे प्रौढ आणि जबाबदार सहाबींच्या बाबतीत होते. आमच्यासमोर तर चौदा-पंधरा वर्षांची मुले असतात. त्यांना आम्ही ऐकून घेत नाही, त्यांचे मुख्य दारच बंद करतो, आणि परत आल्यावर वर्गात सगळ्यांसमोर म्हणतो, "आले का साहेब?" हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांची (सल्ल.) सेवा केली आणि त्या काळात त्यांना कधी ‘उफ्’ही ऐकावे लागले नाही, ही हदीस आम्ही शिक्षक मंडळी सीरतच्या जलशात सांगतो. सोमवारी सकाळी गेटवर मात्र विसरतो.

मग शाळेने करायचे काय?

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. साठ मुलांचा वर्ग, हातात छडी नाही, आणि नसावीच. एखादे मूल रोज तास उधळते, कमजोर मुलाला छळते. ज्या मुलाला मार बसला त्याच्या आईलाही उत्तर द्यावे लागते. म्हणून कोणालाही कधीच बाजूला ठेवू नका, असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी दोन-तीन दिवस दूर ठेवणे कधी कधी आवश्यक असते. पण केस वाढले, चप्पल घालून आला, फी राहिली, उशीर झाला, यासाठी वर्ग बंद करणे ही शिस्त नव्हे.

आमचा अनुभव सांगतो की काही साध्या गोष्टींनी बरेच साधते. शिक्षेआधी दोन्ही बाजू ऐकायच्या, मार खाल्लेल्याचीही. बाजूला ठेवायचेच असेल तर शक्यतो शाळेतच ठेवायचे, लायब्ररीत एखाद्या शिक्षकाच्या नजरेखाली, अभ्यास देऊन. घरी पाठवायचेच झाले तर लेखी द्यायचे : कारण, दिवस आणि परत येण्याची तारीख. तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षकाने फोन करायचा. परत येईल त्या दिवशी दहा मिनिटे बसून बोलायचे. पालकांना बोलवायचे तर त्यांच्या सवडीची वेळ विचारायची, आणि ते येईपर्यंत मुलाला वर्गातच बसू द्यायचे. बापाची मजुरी बुडणे ही मुलाच्या चुकीची शिक्षा असू शकत नाही.

त्या नववीच्या मुलानंतर आम्ही एवढे एक पाळतो. कोणी बाहेर असेल तर तिसऱ्या दिवशी फोन. कधी आई उचलते, कधी कोणीच उचलत नाही. पण बहुतेक मुले परत येतात.

आणि पालकांनी?

शाळेतून निरोप आला की त्याच दिवशी जा, शक्य नसेल तर फोन करून वेळ मागा. ऑफिसात सगळ्यांसमोर मुलाला मारू नका. त्याने शाळेचा राग शांत होतो, पण मूल तुटते. शांतपणे विचारा : काय घडले, किती दिवस, कोणत्या तारखेला पाठवू, हजेरी आणि चाचणीचे काय? उत्तर लेखी मागा. न दिल्यास स्वतः साध्या अर्जावर हे सारे लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

सर्वात महत्त्वाचे : रागाच्या भरात दाखला काढू नका. दहावीच्या तोंडावर नवीन शाळा मिळणे कठीण असते, आणि एकदा तुमची सही झाली की तुमची तक्रारही तिथेच संपते. दाद मागायची तर सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. अल्पसंख्याक शाळांत तिची भूमिका सल्ल्यापुरती आहे, तरी सल्ला द्यायला तरी आपण जातो का? त्यापुढे गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहेत. मूल संकटात असेल तर १०९८ हा चाइल्डलाइन क्रमांक आहे.

मोहल्ल्यानेही थोडे करावे. मस्जिदीला लागून अभ्यासिका आहेत, बऱ्याचशा दिवसा रिकाम्या असतात. शाळेबाहेर असलेले मूल त्या आठ दिवसांत तिथे बसले, कोणी निवृत्त शिक्षकाने त्याची गणिते तपासली, तर गॅरेज आणि नाका त्याच्यापासून थोडे दूर राहतील. आणि आपल्या संस्थांच्या ट्रस्टींनी पुढच्या बैठकीत एक पान लिहून काढावे : आमच्या शाळेत मुलाला बाहेर ठेवायचे तर कोण ठरवेल, कोणाचे ऐकून, किती दिवस, आणि परत कसे घेतले जाईल. कायदा लागू नाही म्हणून नियमही नको, असे नाही.

तो मुलगा आता तिशीकडे झुकला आहे. अजून गॅरेजवर आहे, हात चांगला चालतो म्हणतात. मध्यंतरी आमची स्कूटर त्याच्याकडे गेली. त्याने पैसे घेतले नाहीत. निघताना एवढंच म्हणाला, "सर, छोटे भाई का एडमिशन आपके स्कूल में कराया है. ज़रा ध्यान रखना."

आम्ही "हो" म्हणालो. हा लेख म्हणजे त्याच ‘हो’ची आठवण, आधी स्वतःला, मग आपल्या सगळ्या शाळांना.